स्वतः जुळवलेला कॅट
सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफ्यात १० रंगांची १२० पाने ठरलेली असतात आणि कन्हानपासून कोकणापर्यंत पिसला जाणारा नेहमीचा कॅटही ५२ पत्त्यांचाच असतो. रिचर्ड गारफिल्ड यांनी १९९३ मध्ये आणलेल्या ‘मॅजिक: द गॅदरिंग’मध्ये मात्र कॅट जुळवणे हीच खेळाडूची पहिली आणि बहुधा सर्वांत कस पाहणारी खेळी ठरते. स्पर्धांच्या प्रचलित नियमांनुसार त्यात किमान ६० पाने लागतात आणि मूळ भूमी, म्हणजे इतर पाने उतरवण्यासाठी बळ पुरवणारी साधी पाने, वगळता एका नावाची चारांहून अधिक पाने चालत नाहीत. चारही घेतली तरी सुरुवातीच्या सात पानांत त्यांतले एखादे येण्याची शक्यता सुमारे ४० टक्केच असते, म्हणून कॅट विनाकारण फुगवणे तोट्याचेच ठरते. दोन डावांदरम्यान बदलता येणारी राखीव पाने जास्तीत जास्त १५ असतात.