अंदाज चुकला, गुन्हा कुणावर?

जुलै २०१७ मध्ये बीड जिल्ह्यातील माजलगाव तालुक्यातून एक फिर्याद पोलिसांत गेली. आरोपी कोण, तर भारतीय हवामान खात्याचे पुणे आणि मुंबई येथील संचालक! खात्याने बियाणे आणि कीटकनाशक कंपन्यांशी संगनमत करून चांगल्या पावसाचे अंदाज दिले, त्यावर विसंबून जूनमध्ये पेरण्या केल्या, नंतर पाऊस गायब झाला आणि बी-खत मातीत गेले, असा शेतकऱ्यांचा आरोप होता. बातमी देशभर छापून आली, पण बहुतेक ठिकाणी गंमत म्हणून. आमच्या बाररूममध्येही चहाबरोबर तीच चर्चा झाली. उद्या ढगावर समन्स काढा, परवा वाऱ्याला जामीन द्या, असे विनोद झाले. खोटे कशाला बोला, त्या हशात आम्हीही सामील होतो.

कायद्याने पाहिले तर ही फिर्याद टिकणारी नव्हती. फसवणुकीला तेव्हा भारतीय दंड संहितेचे कलम ४२० होते, आता भारतीय न्याय संहितेचे ३१८ आहे. दोन्हीत मुद्दा एकच : फसवण्याचा हेतू पहिल्यापासून होता हे दाखवावे लागते. अंदाज चुकणे म्हणजे खोटे बोलणे नव्हे. पण कोर्टात न टिकणारी प्रत्येक तक्रार बिनबुडाची असते, असे आम्ही वीस वर्षांच्या वकिलीत तरी शिकलो नाही. त्या शेतकऱ्यांनी कलम चुकीचे निवडले असेल, पण त्यांची जखम खरी होती.

ती जखम आम्ही फार जवळून पाहिली आहे. आमचे एक पक्षकार आहेत. मराठवाड्यातल्या एका गावकुसाबाहेरच्या वस्तीत राहतात, दोन एकर गायरान कसतात. त्या गायरानाचा दावा आम्ही चालवतो. एका वर्षी जूनच्या दुसऱ्या आठवड्यात दोन सरी चांगल्या पडल्या. मुलाच्या मोबाइलवर पुढचे चार दिवस पावसाचे, असा निरोप आला. त्यांनी उसनवारी करून सोयाबीनची पिशवी आणली आणि पेरले. नंतर बावीस दिवस आभाळ कोरडे. तारखेला आले तेव्हा आम्ही विचारले, "दादा, वापसा बघून का पेरलं नाही?" ते म्हणाले, "साहेब, मोबाइलवर ढगाचं चित्र आलतं. सरकारचं हाय म्हणल्यावर खरंच वाटलं."

त्याच गावात त्याच दिवशी त्याच निरोपावर बड्या बागायतदारांनीही पेरले होते. त्यांचे काय झाले? काही झाले नाही. त्यांच्या काळ्या कसदार जमिनीत ओल टिकली. ज्यांची टिकली नाही त्यांनी विहिरीवरची मोटार चालू केली, दोन पाणी दिले, पीक तगले. गायरान म्हणजे गावाने टाकून दिलेली बरड, मुरमाड जमीन. पंधरा दिवसांची उघडीप पडली की तिथले रोप माना टाकते. खात्याची चूक सर्वांसाठी सारखीच होती, पण तिची किंमत गावातल्या सर्वात हलक्या जमिनीने मोजली. आणि हलकी जमीन कुणाच्या वाट्याला आली आहे, हे या वर्तमानपत्राच्या वाचकाला आम्ही सांगावे असे नाही.

आता खाते काय सांगते ते नीट पाहू. दरवर्षी एप्रिलमध्ये मोठा आकडा जाहीर होतो. "यंदा सरासरीच्या ९६ टक्के पाऊस." दूरचित्रवाणीवर जल्लोष होतो, शेअर बाजार वर जातो, बियाण्यांच्या दुकानात गर्दी होते. हा आकडा असतो कशाचा? जून ते सप्टेंबर या चार महिन्यांचा आणि चेरापुंजीपासून जैसलमेरपर्यंत अख्ख्या देशाचा मिळून एकच! देशाची दीर्घकालीन सरासरी सध्या ८७ सेंटिमीटर धरतात. तिच्या ९६ ते १०४ टक्के पाऊस पडला की खात्याच्या भाषेत तो 'सामान्य'. शिवाय एप्रिलच्या अंदाजात पाच टक्के इकडे-तिकडे होण्याची मुभा खात्याने स्वतःच सांगितलेली असते. बातमीत ती मुभा गळून पडते. ऐकणाऱ्याला वाटते, शंभरपैकी ९६ गुण, म्हणजे पोरगे पहिल्या वर्गात पास.

जिल्ह्याचा हिशेब तर याहून मोठी गंमत आहे. एखाद्या जिल्ह्यात सरासरीपेक्षा १९ टक्के कमी पाऊस झाला तरी नोंदीत तो 'सामान्य'च राहतो. महिनाभर टिपूस नाही आणि मग दोन दिवसांत आभाळ फाटले, तरी बेरीज जुळते. पिकाला बेरीज कळत नाही. त्याला आठवड्याचा पाऊस लागतो.

खात्याचा मोठा आकडाही फसलेला आहे. १९८८ पासून डॉ. वसंत गोवारीकरांचे सोळा घटकांचे सूत्र वापरात होते आणि त्याने बरीच वर्षे लाज राखली. २००२ मध्ये मात्र अंदाज १०१ टक्क्यांचा होता आणि पाऊस ८१ टक्के झाला. सूत्र बदलले. २००९ मध्ये अंदाज ९६ टक्के होता, प्रत्यक्षात पाऊस ७८ टक्के. आणि २००९ चे विशेष असे, की त्या वर्षी मान्सून केरळात २३ मे रोजीच पोहोचला होता. लवकर आलेल्या पावसाच्या आनंदात देश दुष्काळात शिरला.

२०२५ मध्ये पुन्हा तसेच लवकर आगमन झाले, २४ मे रोजी. या वेळी खात्याने सरासरीहून जास्त पाऊस सांगितला होता. एप्रिलमध्ये १०५ टक्के, मेअखेर १०६. पाऊस झाला १०८ टक्के. म्हणजे अंदाज बरोबर! पण त्या सप्टेंबरमध्ये बीड, धाराशिव, लातूर, सोलापूरकडे काय झाले ते सर्वांनी पाहिले. काढणीला आलेले सोयाबीन पाण्याखाली गेले, जनावरे वाहून गेली, नदीकाठची माती खरवडून निघाली. अंदाज चुकला तेव्हाही मेलो आणि बरोबर आला तेव्हाही मेलो. मग अचूकतेचे भांडण आपण नेमक्या कोणत्या आकड्यावरून घालतो आहोत?

खात्याची बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर आमचे हे लिखाण एकतर्फी हुकूमनामा होईल. चक्रीवादळ शेकडो किलोमीटरचे असते, समुद्रावर दिवसेंदिवस फिरते, उपग्रहाला दिसते. म्हणून ते आधी सांगता येते. १९९९ मध्ये ओडिशात चक्रीवादळाने सुमारे दहा हजार माणसे मारली. २०१३ मध्ये फायलिन आणि २०१९ मध्ये फनी त्याच किनाऱ्यावर आली तेव्हा लाखो लोकांना आधी हलवले गेले आणि ओडिशात मृत्यू शंभराच्या आत राहिले. हे याच खात्याच्या अंदाजाचे श्रेय आहे. पण मराठवाड्यातला वळवाचा ढग पाच-दहा किलोमीटरचा. दुपारी उठतो आणि तासाभरात मोकळा होतो. खात्याचे देशपातळीवरचे गणित बरीच वर्षे सुमारे बारा किलोमीटरच्या चौकटीत चालत होते. मे २०२५ मध्ये ते सहा किलोमीटरवर आणले गेले. ज्या जाळ्याची भोके माशापेक्षा मोठी, त्यात मासा कसा सापडणार?

मुंबईचा २६ जुलै २००५ आठवा. सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस आणि त्याच शहरात कुलाब्याला शंभरसुद्धा नाही! एवढे भयंकर पाणी येणार, हे कुणी आधी सांगू शकले नाही. डॉप्लर रडार मुंबईला नंतर मिळाले. माणसे गेल्यावर यंत्र येते, हा आपल्याकडचा रिवाज जुनाच. तेव्हापासून खात्याने धसका घेतला आहे, असे आमचे मत आहे. इशारा दिला नाही आणि पाऊस आला तर चौकशी, इशारा दिला आणि ऊन पडले तर फक्त विनोद. मग कोणता अधिकारी पिवळा-नारिंगी रंग वाटायला कचरेल? शाळांना सुट्टी आणि पोरे उन्हात क्रिकेट खेळतात, हे चित्र आता नवे नाही. चाकरमान्याला त्यात गंमत वाटते. पण इशाऱ्यामुळे काम बंद राहिले, तर नाक्यावर उभ्या राहणाऱ्या मजुराची रोजी जाते, आणि ती भरून देणारी कोणतीही योजना आमच्या पाहण्यात नाही.

हसण्याचे खरे दुष्परिणाम मात्र दुसरीकडेच दिसतात. वेधशाळेने पाऊस सांगितला म्हणजे छत्री घरी ठेवा, हा विनोद करून झाला की माणूस वळतो कुठे? पंचांगाकडे. नक्षत्राचे वाहन बेडूक की गाढव, यावर पेरणी ठरते. बुलढाणा जिल्ह्यात भेंडवळला अक्षय्य तृतीयेला घटमांडणी होते, धान्याच्या रांगा मांडतात आणि दुसऱ्या दिवशी पाऊसपाणी, पीक, अगदी देशाची गादीसुद्धा सांगितली जाते. मोठमोठी वर्तमानपत्रे ते पहिल्या पानावर छापतात. ते भाकीत चुकले म्हणून कुणी पोलिसांत गेल्याचे आम्ही ऐकले नाही! खाते निदान आपली चूक आकड्यात छापते, म्हणून ते पकडले जाते. घटातल्या घागरीची चूक कुठे छापून येते? राज्यघटनेच्या ५१अ (ह) मध्ये वैज्ञानिक दृष्टिकोन हे नागरिकाचे कर्तव्य म्हटले आहे. पण सरकारी विज्ञान दारात पोचलेच नाही, तर नागरिकाने ते कर्तव्य कशाच्या जोरावर बजावावे?

घटनेचाच विषय निघाला म्हणून सांगतो. सातव्या परिशिष्टात हवामान संघटना केंद्राच्या सूचीत आहेत, नोंद ६८. शेती राज्याच्या सूचीत, नोंद १४. पाऊस सांगणार दिल्ली आणि पेरा कधी ते सांगणार मुंबई. या दोन नोंदींच्या मधल्या फटीत आमचा पक्षकार पडतो. ही फट बुजवायला जिल्हा कृषी हवामान केंद्रे काढली होती. कृषी विज्ञान केंद्रात बसून तालुक्याच्या पिकाप्रमाणे सल्ला द्यायचा, हे त्यांचे काम. देशातली अशी १९९ केंद्रे २०२४ मध्ये बंद करण्यात आली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ग्रामपंचायत पातळीवरचा अंदाज सुरू झाल्याची घोषणा झाली. अंदाज गावापर्यंत आला, पण तो समजावून सांगणारा माणूस काढून घेतला! आम्ही त्यानंतर अनेक ग्रामपंचायतींत गेलो. फलकावर घरपट्टीच्या थकबाकीदारांची नावे दिसली, पुढच्या पाच दिवसांचा पाऊस एकाही फलकावर दिसला नाही.

आणि उद्याचा पाऊस राहू द्या, काल पडलेला तरी नीट मोजतात का? अतिवृष्टी ठरते महसूल मंडळाच्या पर्जन्यमापकावर, २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर. एका मंडळात कितीतरी गावे असतात. मापकाच्या गावी ६० भरला आणि आपल्या शिवारात ढगफुटी झाली, तर कागदावर अतिवृष्टी झालीच नाही. ओलांडलाच आकडा, तरी भरपाई सातबाऱ्यावरच्या नावाला. गायरान कसणाऱ्याचे नाव सातबाऱ्यावर नाही, बटईने करणाऱ्याचे नाही, शेतमजुराचा तर प्रश्नच नाही. आमच्या पक्षकारांचे पीक दोनदा गेले, एकदा कोरड्याने, एकदा पाण्याने. पंचनामा एकदाही झाला नाही. पंचनामा करायला आलेल्या माणसाने बांधावरूनच सांगितले, "तुमचं शेत कागदावर कुठंय?"

गेल्या तारखेला ते आले तेव्हा कोर्टाच्या ओसरीवर बसून आम्ही त्यांना जिल्ह्याचा अंदाज वाचून दाखवला. तुरळक ठिकाणी हलक्या ते मध्यम पावसाची शक्यता. त्यांनी विचारले, "शक्यता म्हंजे किती? रुपयात आठ आणे का बारा आणे?"

याचे उत्तर खात्याकडे आहे, आम्ही ते मुद्दाम शोधून काढले. खात्याच्या इंग्रजी परिभाषेत साध्या 'शक्यते'चा अर्थ २५ ते ५० टक्के. दाट शक्यता असेल तर ५० ते ७५. आणि 'तुरळक ठिकाणी' म्हणजे शंभरातल्या फार तर पंचवीस ठिकाणी. हे शब्द मोजून मापून ठरवलेले आहेत. पण ते मोजमाप मराठीत, बातमीत, मोबाइलच्या ढगाच्या चित्राखाली कुठेच येत नाही.

आम्ही सांगितले, "दादा, रुपयात चार ते आठ आणे. तेही चार गावांतल्या एका गावात."

ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "हे आधी कोन सांगितलं असतं, तर त्या साली म्या पिशवी फोडलीच नसती."