तीन गोळ्यांचा पुरावा

एमएस्सीच्या प्रोजेक्टमध्ये प्रत्येक रीडिंग तीनदा घ्यायचं, हे आपल्याला कोणीतरी सांगितलेलं असतं. तीनदाच का, हे मात्र सहसा कोणी सांगत नाही. आज या प्रश्नाकडे एका वेगळ्याच जगातून बघू या. अमेरिकेत मोंटाना, वायोमिंगसारख्या राज्यांत लांब पल्ल्याची शिकार करणारे बरेच लोक आपली काडतुसं घरी स्वतः भरतात, त्या जगातून. (आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे आणि काडतुसं बनवायला शस्त्र कायद्याखाली परवाना लागतो, त्यामुळे हे सगळं तिकडचंच.) उदाहरण मुद्दाम निवडलंय. इथे आकडे स्वच्छ मिळतात, आणि निष्कर्ष चुकला तर त्याची किंमत प्रयोग करणारा देत नाही, समोरचं जनावर देतं.

आधी वस्तू समजून घ्या. काडतुसाचे चार भाग: पितळेची पुंगळी, तिच्या बुडाशी ठिणगी पाडणारा प्रायमर, आत दारू आणि तोंडाशी गोळी. गोळी सुटली की पुंगळी मागे राहते. ती साच्यात दाबून पुन्हा मापात आणतात, नवा प्रायमर बसवतात, दारू तोलून भरतात आणि वर नवी गोळी बसवतात. दारूचं वजन ग्रेनमध्ये करतात. एक ग्रेन म्हणजे साधारण ६५ मिलिग्रॅम, आणि हे लोक ०.१ ग्रेनपर्यंत तोलतात. थोडक्यात, स्वयंपाकघराच्या ओट्यावर चालणारी ॲनालिटिकल केमिस्ट्रीच!

एवढा खटाटोप कशासाठी? शंभर यार्डांवर गोळीच्या वेगातला थोडा फरक लक्षातही येत नाही. सहाशे यार्डांवर मात्र गोळी पाऊण सेकंदाच्या आसपास हवेत असते, आणि तेवढ्या वेळात ती बरीच खाली येते. सेकंदाला २,७०० फूट वेगाने निघालेल्या गोळीचा वेग ३० फुटांनी कमी भरला, तर ती ढोबळमानाने दोन-अडीच इंच आणखी खाली लागते. म्हणून प्रत्येक गोळी शक्य तितक्या सारख्या वेगाने निघावी, अशी धडपड असते. वेग मोजायला क्रोनोग्राफ नावाचं यंत्र येतं.

आता प्रयोग बघा. नेहमीची पद्धत अशी: दारूचं प्रमाण ०.२ ग्रेनच्या पायऱ्यांनी वाढवत न्यायचं, दहा पायऱ्या घ्यायच्या आणि प्रत्येक पायरीवर तीन गोळ्या झाडायच्या. ज्या पायरीवर तिन्ही वेग जवळजवळ सारखे आले, ती 'गोड जागा'. मग तेच प्रमाण पक्कं करून सगळी काडतुसं भरायची. ऐकायला पद्धत एकदम शास्त्रीय वाटते. क्रोनोग्राफ आहे, काटा आहे, वहीत तक्ता आहे.

आपण एक गृहीत धरू. समजा दहाही पायऱ्या एकसारख्या आहेत, गोड जागा वगैरे काही नाहीच. प्रत्येक पायरीवर वेगाचं खरं प्रमाण विचलन, म्हणजे आपलं एसडी, १२ फूट प्रति सेकंद आहे. नॉर्मल डिस्ट्रिब्यूशनमधून तीन रीडिंग घेतली, तर सर्वांत मोठ्या आणि सर्वांत छोट्या रीडिंगमधला फरक सरासरी १.६९ एसडी येतो, म्हणजे इथे सुमारे २० फूट. पण ही झाली सरासरी. दहातल्या एका वेळी हा फरक ०.६२ एसडीपेक्षाही कमी, म्हणजे साडेसात फुटांच्या आत येतो. आता दहा पायऱ्या. त्यातली किमान एक तरी अशी 'गोड' दिसण्याची शक्यता एक वजा ०.९ चा दहावा घात, म्हणजे जवळपास ६५ टक्के. काहीही नसताना तीनपैकी दोन शिकाऱ्यांना काहीतरी सापडणार, आणि ते मनापासून सांगणार की माझ्या रायफलला हेच प्रमाण मानवतं!

हवं तर पायथनमध्ये पाच ओळींत हे करून बघा. कागदावर पटतं त्यापेक्षा स्वतःच्या स्क्रीनवर जास्त पटतं.

दुसरा प्रकार याहून लोकप्रिय आहे. प्रत्येक पायरीवर एकच गोळी झाडायची, वेगाचा आलेख काढायचा आणि जिथे रेघ सपाट झाली ती जागा निवडायची. दारू वाढूनही वेग वाढला नाही, म्हणजे तिथे रायफल 'स्थिर' आहे, असा तर्क. समजा ०.२ ग्रेनमागे वेग खरोखर १० फुटांनी वाढतो आणि एसडी तेच १२ आहे. शेजारच्या दोन रीडिंगमधल्या फरकाचं एसडी १२ गुणिले वर्गमूळ दोन, म्हणजे १७ येतं. फरक शून्य किंवा उलटा येण्याची शक्यता २८ टक्के. दहा पायऱ्यांत शेजारच्या जोड्या नऊ. म्हणजे सरळसोट चढणाऱ्या रेषेवरही सरासरी अडीच ठिकाणी रेघ थांबल्यासारखी किंवा उतरल्यासारखी दिसेल. ते तिथलं रायफलचं वागणं नाही, नॉइज आहे.

पायऱ्यापायऱ्यांनी चढण्याला एक चांगलं कारण आहे, ते इथे सांगून टाकतो. दारू जास्त झाली तर दाब धोक्याच्या पातळीवर जातो. म्हणून छापील मॅन्युअलमधल्या सुरुवातीच्या प्रमाणापासून हळूहळू वर जायचं आणि दाबाची लक्षणं बघत राहायचं. ही सुरक्षिततेची रीत झाली आणि ती योग्यच आहे. घोळ होतो तो तीच रीत 'सर्वोत्तम' शोधायला वापरल्यावर.

तीन रीडिंगवरून एसडीबद्दल नेमकं किती कळतं? तुमच्या तीन गोळ्यांचं एसडी १२ आलं, तर खऱ्या एसडीचा ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल ६ पासून ७५ पर्यंत पसरतो. हो, पंच्याहत्तर. दहा गोळ्यांवर तो ८ ते २२ होतो आणि तीसवर साधारण साडेनऊ ते सोळा. सरासरी काढण्यापेक्षा विचलन काढायला कितीतरी जास्त रीडिंग लागतात, हे आपल्या अभ्यासक्रमात कुठेतरी येऊन जातं, पण अंगात मुरत नाही. छोट्या नमुन्याचं दुखणं जुनंच आहे. डब्लिनच्या गिनेस ब्रुअरीत काम करणाऱ्या गॉसेटने 'स्टुडंट' या टोपणनावाने १९०८ मध्ये जो पेपर लिहिला, तो याच अडचणीतून.

आउटलायर काढायला तुम्ही ग्रब्ज टेस्ट वापरली असेल. हे फ्रँक ग्रब्ज मेरीलँडमधल्या ॲबर्डीन इथे अमेरिकन सैन्याच्या बॅलिस्टिक प्रयोगशाळेत संख्याशास्त्रज्ञ होते, आणि १९६४ मध्ये त्यांनी रायफल चालवणाऱ्यांसाठी व क्षेपणास्त्र अभियंत्यांसाठी अचूकतेच्या मापांवर एक पुस्तिका लिहिली. कागदावर पडलेल्या भोकांचा गट केवढा, याचं गणित अशा कामातून आलंय. आडवं आणि उभं विचलन सारखं धरलं, तर गटातल्या सर्वांत दूरच्या दोन भोकांमधलं अंतर तीन गोळ्यांना सरासरी २.४१ एसडी आणि दहा गोळ्यांना ३.८१ एसडी येतं. म्हणजे तीन गोळ्यांची 'एक इंची' रायफल दहा गोळ्यांना १.६ इंची होते. रायफल तीच, शिकारी तोच.

आता शिकारीच्या जागी येऊ. एका रायफलचा तीन गोळ्यांचा गट शंभर यार्डांवर सरासरी एक इंच आहे. मालकाने असे दहा गट झाडले, त्यातला एक अर्ध्या इंचाचा निघाला (दहात असा एखादा निघण्यात दुर्मीळ असं काही नाही) आणि त्याने तोच खरा मानला. हरणाच्या छातीतल्या हृदय-फुप्फुसांच्या जागेसाठी आठ इंच व्यासाचं वर्तुळ धरतात. अर्ध्या इंचावर विश्वास ठेवून सहाशे यार्डांचा हिशेब केला, तर गोळी वर्तुळात पडण्याची शक्यता ९९ टक्के येते. खऱ्या सरासरीने केला तर ७२ टक्के. यात वारा नाही, अंतराच्या अंदाजातली चूक नाही, वेगातला फरक नाही, धापा टाकणारा माणूसही नाही. तरीही शंभरातल्या अठ्ठावीस गोळ्या वर्तुळाबाहेर: पोटात, पायात, जबड्यात किंवा नुसत्याच हवेत. पोटात गोळी लागलेलं म्यूल डिअर लगेच पडत नाही, ते चालत राहतं.

मग करायचं काय? 'प्रत्येक पायरीवर तीस गोळ्या झाडा' हा सल्ला सोपा आहे पण व्यवहारात बसत नाही. दहा पायऱ्या म्हणजे तीनशे गोळ्या, आणि रायफलची नळी झिजत असते. आपल्याकडेही उंदीर, अभिकर्मकं, मशीनचा वेळ मोजकाच असतो. इथे मला आवडणारी एक युक्ती आहे: तीस गोळ्या झाडून झाल्याच आहेत ना, त्या फेकू नका. प्रत्येक पायरीचं प्रसरण काढा, सगळी एकत्र करा. दहा गटांतून प्रत्येकी दोन, अशा वीस डिग्रीज ऑफ फ्रीडम मिळतात आणि १२ च्या एसडीचा इंटरव्हल ९ ते १७ वर येतो. 'कुठली पायरी चांगली' याचं उत्तर त्या डेटात नाहीच, पण 'माझी काडतुसं एकूण किती सारखी आहेत' याचं बऱ्यापैकी आहे. विचारायला हवा होता तो प्रश्नही हाच. सुधारणा करायचीच असेल, तर ०.२ ग्रेनच्या मागे लागण्यापेक्षा वेगळी गोळी किंवा वेगळी दारू घेऊन दोनच पर्याय तोलावेत. फरक मोठा असेल तर वीस-वीस गोळ्यांतही दिसतो.

शेवटी क्रमाचा मुद्दा, जो व्हायवात हमखास विचारला जातो. पायऱ्या चढत्या क्रमाने झाडल्या की दारू वाढते तशी नळीही तापत जाते आणि आत काजळी साचत जाते. वेगातला बदल कशामुळे झाला, हे मग सांगता येत नाही. सुरक्षित मर्यादा एकदा ठरली की तिच्या आतली काडतुसं चिठ्ठ्या काढून, मिसळून झाडायची. आणि ऑगस्टच्या उन्हात केलेली मोजणी नोव्हेंबरच्या बर्फात लागू पडेल असं धरायचं नाही, कारण बऱ्याच दारूंचा वेग तापमानाने बदलतो. त्यामुळे थंडी पडल्यावर दहा गोळ्या राखून ठेवलेल्या असाव्यात, क्रोनोग्राफ पुन्हा मांडायला.