करेऱ्याचा माळढोक

सीमा आखून दिली म्हणजे तिच्या आतील निसर्ग जसाच्या तसा राहतो, असा एक भाबडा समज आहे. ग्वाल्हेरजवळील शिवपुरी जिल्ह्यात करेरा येथे १९८१ साली माळढोकासाठी अभयारण्य स्थापन झाले. हा भारदस्त पक्षी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडे घालतो. त्यास दाट अरण्य नको, विरळ गवताचा माळ व पडीक शेते हवीत. ती जमीन बव्हंशी शेतकऱ्यांचीच होती. संरक्षण लाभताच काळविटांचे कळप वाढले, पिके फस्त होऊ लागली. शिवाय जमिनीच्या विक्रीवर निर्बंध आले. ज्यांच्या शेतांत पाखरू पिढ्यानपिढ्या वावरले, त्यांनाच ते नकोसे झाले! गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात माळढोक तेथून नाहीसा झाला. काळविटे मात्र त्यानंतरही शेतांत चरत राहिली.