वंशावळीत नसलेल्या बाया

2023च्या दिवाळीच्या सुमारास मराठवाड्यात जुन्या कागदाला एकदम भाव आला. मराठा आरक्षणाच्या मागणीवरून कुणबी नोंदी शोधण्यासाठी शासनाने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली होती. तहसिलापासून शाळेपर्यंत बस्ते सुटले, मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांना गावोगाव बोलावणी येऊ लागली. पूर्णा-नांदेड रेल्वेमार्गावरच्या आमच्या चुडाव्यातही टपरीवर जमिनीची खासरा पाहणी आणि शाळेचं दाखल-खारीज याच गप्पा. शाळेत उभी हयात गेलेली म्हणून माझ्याकडेही माणसं वंशावळ घेऊन यायची. खापरपणजोबा, पणजोबा, आजोबा, वडील... कागदभर पुरुष. पणजीचं नाव विचारलं की उत्तर ठरलेलं : "मॅडम, ते लागत नाही."

लागत नाही हे खरंच. रक्ताचं नातं बापाकडून मोजायचं म्हटल्यावर पणजीला कुठे बसवणार? पण इतके बस्ते सुटलेच होते, तर त्यांत बाया कुठे कुठे आहेत हेही बघून घ्यायला काय हरकत होती?

आमच्या भागात हे काम सोपं नाही. 17 सप्टेंबर 1948पर्यंत आम्ही निजामाच्या राज्यात होतो. त्यामुळे जुनं दप्तर बरंचसं उर्दूत, आणि ते एका जागी नाही. काही तहसिलात, काही छत्रपती संभाजीनगरला, काही थेट हैदराबादेत. आणि ते लोकांपुढे आलं, तरी अभिलेखांचं प्रदर्शन म्हटलं की काचेआड सनदा, शिक्के आणि फर्मानं मांडतात. बघायला आलेली बाई दोन मिनिटांत पुढे सरकते. त्यात तिचं काय आहे?

तिचं असतं ते साध्या कागदांत. शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात 'शाळा सोडल्याचे कारण' असा एक रकाना असतो. मुलींच्या ओळी आधीच विरळ, आणि त्या रकान्यात 'सतत गैरहजर' किंवा 'लग्न' एवढंच. पुढे तीच मुलगी फेरफार नोंदवहीत विधवा म्हणून, वारसांच्या यादीत भेटते. आणि हक्कसोडपत्रावर बहीण म्हणून. हा कागद मला सगळ्यात बोलका वाटतो. बाप वारला, बहिणी माहेरी आल्या, जमिनीतला वाटा भावाला सोडला आणि नावापुढे डाव्या हाताचा अंगठा उठवून परत गेल्या. महाराष्ट्राने 1994मध्ये आणि केंद्राने 2005मध्ये हिंदू मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाच्या बरोबरीचा हक्क दिला. तरी अंगठ्याच्या जागी सही आली, एवढाच फरक मी अनेक घरांत पाहिला. भाऊबीज तुटायला नको ना!

मात्र कागदावर अंगठा दिसतो, तो उठवताना ती काय म्हणाली ते नाही. त्यासाठी दुसरं दप्तर आहे, आणि ते आमच्या शेजारीच आहे. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ या संशोधकांनी गावोगावच्या बायांकडून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, लाखाहून जास्त. विजेची गिरणी आली आणि जातं कोपऱ्यात गेलं, त्या काळातलं हे काम. बर्नार बेल यांनी नव्वदीच्या दशकात त्यांतल्या कितीतरी ओव्या ध्वनिमुद्रित केल्या. आमच्याच पूर्णा तालुक्यातल्या ताडकळसच्या गंगूबाई अंबोरे यांनी 1996मध्ये वनवासातल्या सीतेच्या ओव्या गायल्या. माजलगावच्या भीमनगरात राधाबाई बोऱ्हाडे यांनी बाबासाहेबांवरच्या गायल्या. आता हा संग्रह 'पारी' (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) या संकेतस्थळावर कुणालाही ऐकता येतो. इथे ओवीबरोबर गाणारीचं नाव आणि गाव नोंदलेलं आहे. सरकारी दप्तरात जी 'मयताची पत्नी' असते, ती इथे गंगूबाई असते. मुंबईत सी. एस. लक्ष्मी, नीरा देसाई आणि मैत्रेयी कृष्णराज यांनी 1988मध्ये 'स्पॅरो' हे अभिलेखागार सुरू केलं, तेही बायांचे आवाज, फोटो आणि आठवणी जपण्यासाठीच.

कागदांचं आणि ओव्यांचं, ही दोन दप्तरं एका ओट्यावर आणावीत, असं मला फार वाटतं. त्यासाठी आधी आठवतो तो 9 जून, आंतरराष्ट्रीय अभिलेखागार दिन. 1948 साली त्या दिवशी आंतरराष्ट्रीय अभिलेखागार परिषद स्थापन झाली.  पण आमच्याकडे 9 जूनला मृग लागलेला असतो. पेरणीच्या तोंडावर कोणती बाई कार्यक्रमाला येईल? संक्रांतीनंतर बरं. तेव्हा हळदीकुंकवाला बायका जमतातच, असं कुणी सुचवेल. मला ते पटत नाही, कारण ज्यांना सर्वाधिक ओव्या पाठ त्या म्हाताऱ्या विधवा, आणि बऱ्याच घरी अजून त्यांनाच बोलावत नाहीत. त्यापेक्षा ग्रामसभेआधीची महिला सभा चांगली. तिथे कुंकू विचारत नाहीत.

रजिस्टराची पानं मात्र जशीच्या तशी भिंतीवर लावू नयेत. त्यांत जाती आहेत, वाटणीची भांडणं आहेत, हयात माणसांची नावं आहेत. ज्या घरचा कागद, त्या घरच्या बाईला आधी दाखवावा आणि तिने हो म्हटलं तरच मांडावा. ओवी मोबाइलवर रेकॉर्ड करतानाही आधी तिला विचारावं. फाइलला नाव देताना तारीख, गाव, गाणारीचं पूर्ण नाव आणि तिचं माहेर टाकावं. नव्याने जन्मणाऱ्या मुलांच्या सरकारी कागदांवर आता आईचं नाव येतं, पण आईचं माहेर अजून कोणत्याच रकान्यात नाही.