वासरू आणि बहिणाबाई

1640च्या सुमाराची गोष्ट. कोल्हापुरात जयरामस्वामींचं कीर्तन रंगलेलं. श्रोत्यांत जेमतेम बारा वर्षांची एक सुवासिनी आणि तिला बिलगून उभं असलेलं वासरू. गर्दी वाढली तसं लोकांनी वासराला बाहेर काढलं. बाहेर ते हंबरत राहिलं, आत ती रडत राहिली. स्वामींच्या कानावर गेलं, तेव्हा त्यांनी त्याला परत आत आणवलं. गावभर बोभाटा झाला आणि घरी नवऱ्याने तिला बेदम मारलं.

ही संत बहिणाबाई. (खानदेशच्या बहिणाबाई चौधरी वेगळ्या, त्या अडीचशे वर्षांनंतरच्या.) जन्म 1628चा, वेरूळजवळच्या देवगावचा. कळू लागण्याआधीच तिशीतल्या बिजवराशी लग्न झालं. पुढे घरावर संकट आलं आणि सगळं कुटुंब गाव सोडून भटकत कोल्हापूरला पोचलं.

थोड्याच दिवसांत वासरू गेलं. ती शुद्ध हरपून पडली आणि त्याच अवस्थेत तिला तुकोबांचं दर्शन झालं. तुकोबा तेव्हा देहूत हयात होते. तिने त्यांना पाहिलेलं नव्हतं, अभंग तेवढे ऐकलेले. तिने मनोमन त्यांनाच गुरू मानलं.

नवरा वेदपाठी ब्राह्मण. बायकोने शूद्राला गुरू करावं आणि लोकांनी तिच्या पाया पडावं, हे त्याला सोसेना. तो घर सोडून जायला निघाला.

इथे बहिणाबाईची खरी घालमेल सुरू होते आणि तिने ती आत्मचरित्रपर अभंगांत उघडपणे मांडली आहे. बाईच्या जन्माला वेदांचा अधिकार नाही, मग परमार्थ साधायचा कसा? पतीला देव मानावं तर विठ्ठलाचं काय? एका टप्प्यावर ती पतिसेवेकडेच झुकते. आजच्या वाचकाला हे खटकेल, पण भक्ती आणि संसार दोन्ही सांभाळायला धडपडणारी ती पोर आपल्याला तिथेच सर्वांत जवळून दिसते.

मग नवरा आजारी पडला. त्या दुखण्यात त्याचं मन पालटलं आणि सगळे देहूला गेले. तिथे तुकोबांचा वैरी मंबाजी आडवा आला. त्याने त्रास दिला, तरी ती मागे हटली नाही. पुढे तिने ‘वज्रसूची’ मराठीत आणली. जन्मावरून ब्राह्मण ठरतो का, असा थेट प्रश्न विचारणारा हा ग्रंथ. नवऱ्याच्या रागाचं मूळ जिथे होतं, नेमका त्याच विषयाला तिने हात घातला.

1700 साली, अंतकाळी, तिने मुलाला, विठोबाला, आपल्या आधीच्या बारा जन्मांची हकिकत सांगितली. तेराव्या जन्माची कहाणी तिच्या अभंगांत आहे, आणि त्यात त्या वासराला भरपूर जागा आहे.