भिवंडीचा यंत्रमाग आणि ले-ऑफची भरपाई

१९४७ च्या औद्योगिक विवाद अधिनियमात १९५३ मध्ये दुरुस्ती होऊन ले-ऑफच्या काळात मूळ वेतन व महागाई भत्ता यांच्या निम्म्या रकमेची भरपाई मिळू लागली. त्यासाठी हजेरीपटावर नाव व एक वर्षाची अखंड सेवा हवी असे; शिवाय दररोज नेमल्या वेळी एकदा कारखान्यात हजर राहणेही आवश्यक होते. बदली कामगार त्यातून वगळलेले होते. हजेरीची ही अट विशेष विचारार्ह आहे. कारण अन्यत्र अर्धवेळ काम करून नवी नोकरी शोधू पाहणाऱ्याची तिने कोंडीच केली. भिवंडीत मात्र हा पेच बहुधा उद्भवतच नसे. पन्नासांहून कमी कामगारांच्या कारखान्यांस ही तरतूद लागू नव्हती, आणि येथील यंत्रमाग प्रायः लहान कारखान्यांत विखुरलेले. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेनेही पन्नासांची मर्यादा कायम ठेवली आहे.