स्वारगेटचा थांबा आणि पुठ्ठ्याचे छप्पर

स्वारगेटच्या बसथांब्यावर पावसात उभे राहिलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे, की वारा सुटला म्हणजे छपराखालचा माणूसही भिजतो. मग छप्पर किती पुढे काढावे? सहावी ते आठवीच्या मुलांना वास्तुकला शिकवायची, तर हाच प्रश्न त्यांच्यापुढे टाकावा.

मुलांनी टेप घेऊन बाकाची उंची, खांबांमधील अंतर, उभ्या माणसाची उंची मोजावी. चौकटीच्या कागदावर एका फुटाला एक इंच धरून नकाशा काढावा आणि पुठ्ठा कापून नमुना उभा करावा. मग झारीने तिरके पाणी सोडावे. बाक भिजला, तर छप्पर बदलावे. चार पट्ट्यांची चौकट टाचणीने जोडली, तर ती हलते. एक तिरकी पट्टी मारली, की घट्ट होते. सुतार दाराची चौकट बसवण्यापूर्वी तिला तिरकी पट्टी ठोकतो, ती याचसाठी. गवंडी तीन-चार-पाचच्या मापाने काटकोन काढतो, तो तर शाळेतला पायथागोरसच. आपले कारागीर बंधू हे रोज करतात, फक्त त्याला गणित म्हणत नाहीत. त्यांचीच मुले मात्र गणितात मागे पडून शाळा सोडतात, ही खेदाची गोष्ट आहे.

ही कल्पना नवी नाही. 1937 साली वर्धा येथील परिषदेनंतर हस्तोद्योगातून शिक्षणाची योजना ज्या समितीने आखली, तिचे अध्यक्ष डॉ. झाकीर हुसेन होते. पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. कलबाग यांनी 1983 मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. तेथील घुमटाकार घरे त्रिकोणांच्या सांगाड्यावर उभी आहेत. म्हणजे आपली तिरकी पट्टीच.

व्यापारी व कारागिरांनी लक्षात घ्यावे, की 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात सहावी ते आठवीसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवण्याची शिफारस आहे. या दिवसांत मुलांनी स्थानिक सुतार, कुंभार, माळी यांच्या हाताखाली शिकावे, असे त्यात सुतारांचे नाव घेऊन म्हटले आहे. तेव्हा शाळेने बोलावण्याची वाट का पाहावी? जवळच्या मुख्याध्यापकांना आपणच भेटावे. कारागिराचा रोज बुडतो, म्हणून मानधनाचे पहिल्याच भेटीत स्पष्ट बोलून घ्यावे; यात संकोच नको. सामानाला फारसा खर्च नाही. भवानी पेठेच्या लाकूड बाजारात प्लायवूडचे तुकडे निघतात, दुकानांत रिकामी खोकी पडून असतात. धारदार हत्यार मात्र मुलांच्या हाती एकट्याने देऊ नये. पुठ्ठा कापताना मोठा माणूस शेजारी हवाच.